विलंबाचे कारण

तीन वर्षांपूर्वीच्या एका फेब्रुवारीत माझ्या एका सहकारी शिक्षकांनी मला विचारले, की त्यांच्या पगारातून झालेली आयकराची कपात बरोबर आहे का. मी कागद पाहिला आणि "बराबर आहे" असे सांगितले. ती बरोबर नव्हती, आणि ते विचारत होते त्याच क्षणी मला ते ठाऊक होते. ही गोष्ट मी घरी सांगितली नाही, मित्रांना सांगितली नाही. फार काळ स्वतःलाही वेगळ्याच शब्दांत सांगत राहिलो.

सेनगाव तालुक्यातल्या एका बाजारगावी, अनुदानित शाळेत, मी गणित शिकवतो. आमच्याकडे फेब्रुवारीच्या पगाराचे बिल आयकर गणनेच्या पत्रकावाचून पुढे सरकत नाही. वर्षभराचा राहिलेला कर त्याच महिन्यात कापला जातो, म्हणून शिक्षकखोलीत म्हणतात, "महिना अठ्ठावीस दिवसांचा, पगार आठ दिवसांचा." पत्रक शाळेचे लिपिक तयार करतात. त्यांना सगळे बाबू म्हणतात. बाबूंनी पुढे केलेल्या पत्रकावर बहुतेक जण न वाचता सही करतात. पगाराचा कागद तपासून पाहणे म्हणजे बाबूंवर संशय घेणे, असा आमच्याकडे एक विचित्र संकोच आहे. ज्यांना शंका येते ते बाबूंना विचारत नाहीत. ते कागद घडी करून खिशात घालतात आणि मधल्या सुट्टीत माझ्याकडे येतात. "सर, एकदा नजर टाका."

या कामाचे मी कधी काही घेतले नाही. चहा घेत असे. पण त्या चहाबरोबर मी आणखी काही घेत होतो, हे मला आता कळते. सगळा स्टाफ वर्षातून एकदा माझ्यासमोर थोडा वाकून उभा राहतो, याचे मला सुख होते. मी हळू बोलतो. हळू बोलणाऱ्या माणसावर लोक लवकर विश्वास ठेवतात, आणि तो रागावला तरी कुणाच्या ध्यानात येत नाही.

ते सहकारी इतिहास शिकवत. गावाजवळच्याच तांड्यावर त्यांचे घर. माझ्या आधी एक वर्ष ते शाळेत लागले, पण संस्थेने त्यांना नेमले तरी शिक्षण विभागाची मान्यता काही मिळाली नाही. मान्यता नाही, म्हणून पगार नाही. आठ-नऊ वर्षे ते आमच्याइतकेच तास घेत, आमच्याइतकेच पेपर तपासत आणि रिकाम्या हाताने घरी जात. आमचे पगार जमा झाल्याचा निरोप मोबाइलवर आला, की ते खडू-डस्टर उचलून घंटेच्या आधीच वर्गावर निघून जात. मी ते दर महिन्याला पाहत होतो. मला वाईट वाटे, नाही असे नाही. पण ते वाईट वाटणे फार स्वस्तातले होते; त्यासाठी मला काही द्यावे लागत नव्हते.

घर त्यांच्या पत्नी चालवत होत्या. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी हळदीची काढणी, मग ती उकडायची, वाळवायची. पावसाळ्यानंतर सोयाबीनची सोंगणी. सगळे काम बसून, नाहीतर वाकून. नवऱ्याला मान्यता मिळेपर्यंत त्यांचे दोन्ही गुडघे निकामी झाले होते.

शेवटी ते खंडपीठात गेले आणि जिंकले. मान्यता मूळ नेमणुकीच्या तारखेपासून मिळाली. पगार सुरू झाला आणि मागची सगळी थकबाकी दोन हप्त्यांत मंजूर झाली. त्याच आदेशाने आणखी एक गोष्ट झाली. सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्यांचे नाव माझ्या नावाच्या वर गेले. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती, आणि ती आपलीच, असे मी काही वर्षे धरून चाललो होतो. घरीही तसेच बोललो होतो. ती त्यांना मिळाली.

सत्काराच्या वेळी मीच त्यांना हार घातला. मीच दोन शब्द बोललो, नेहमीच्या हळू आवाजात: न्यायाला उशीर झाला तरी न्याय झाला, वगैरे. मात्र त्या दिवसापासून मनात मी त्यांना 'तो' म्हणू लागलो. तोंडाने 'सर', 'तुम्ही', 'आपण', आत 'तो'. मराठीत ही सोय आहे. कुणाला पत्ता लागू न देता आपण माणसाला एक पायरी खाली उतरवू शकतो.

थकबाकीचा पहिला हप्ता त्यानंतरच्या वर्षी आला. फेब्रुवारीत ते पत्रक घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"सर, जरा पाहून द्या न. बाबूनं लई कापलं असं वाटून राहिलं मला. कपात बराबर हाय का?"

पलीकडून हिंदीच्या सरांनी टोमणा मारला, "लखपती झाले आता. द्या की थोडं सरकारला!"

"व्हय, लखपती," ते हसून म्हणाले. "नऊ वर्षं बिनपगारी लखपती. बायको विचारती, पैशे आले का घामोळं आलं? आलं तसं गेलं म्हणती."

सगळे हसले. मी कागद वाचत होतो. बेरीज बरोबर होती. टप्पे बरोबर होते. उपकरही बरोबर लावलेला होता. पण शेवटाकडे एक ओळ होती, कलम एकोणनव्वदच्या सवलतीची, आणि तिच्यासमोर बाबूंनी लिहिले होते: 'निरंक'.

त्या ओळीचा अर्थ साधा आहे. अनेक वर्षांचा पगार एकाच वर्षी हाती आला, की त्या एका वर्षाचे उत्पन्न फुगते आणि त्यावर वरच्या टप्प्याचा कर बसतो. वास्तविक तो पैसा त्या-त्या जुन्या वर्षाचा असतो. तेव्हाच मिळाला असता तर कर फार थोडा लागला असता, कदाचित लागलाही नसता. म्हणून कायदा सांगतो, की रक्कम ज्या-त्या वर्षात वाटून कर मोजा आणि जो जास्तीचा निघेल तो सोडून द्या. त्यासाठी 'दहा ई' नावाचा एक अर्ज संगणकावर भरावा लागतो. नाही भरला, तर सवलत नाही. बाबूंना तो अर्ज ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता, कारण त्याच्या दोन वर्षे आधी माझ्या वेतननिश्चितीच्या फरकाची थकबाकी आली तेव्हा मी तो स्वतः भरला होता आणि चांगली रक्कम वाचवली होती. त्यांची थकबाकी माझ्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठी होती.

माझे बोट त्या ओळीवर थांबले आणि खाली सरकले. ते माझ्याकडे नाही, माझ्या बोटाकडे पाहत होते.

"बराबर आहे," मी म्हणालो.

मी एरवी 'बरोबर' म्हणतो. त्या दिवशी त्यांचाच शब्द उचलला. आमच्या भागात बराबर हा शब्द सगळीकडे चालतो. वजन बराबर, रस्ता बराबर, बेरीज बराबर, माणूस बराबर. त्यांनी विचारले होते ते न्यायाबद्दल; मी उत्तर दिले ते बेरजेबद्दल. आपण खोटे बोललो नाही, असे मी पुढे कित्येक महिने स्वतःला समजावत राहिलो, त्याला आधार एवढ्याशा शब्दाचा होता.

"तुमी म्हणले म्हणजे झालं," ते म्हणाले, आणि दारातूनच बाबूंना ओरडून सांगितले, "बाबू, सरांनी पाहिलंय हो! करा कपात."

तो पैसा कशासाठी होता हे सगळ्या शाळेला माहीत होते. नांदेडच्या डॉक्टरांनी वहिनींचे दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. दोन्हींचा खर्च पहिल्या हप्त्यातून भागेल, असा सरांचा अंदाज होता, आणि तो चुकला नसता. कपातीनंतर एकच झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यांनी शिक्षकखोलीत सहज सांगितले, "एक करून आणला. दुसऱ्याचं पुढच्या हप्त्याला पाहू. तवर चालतंय."

तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की मी नेमके काय केले आहे. तोवर ते माझ्या लेखी कागदावरचे होते.

आणि तरीही मी बोललो नाही. गोष्ट अजून हातची गेलेली नव्हती. विवरणपत्र त्यांनी सेनगावच्या एका संगणक केंद्रावर भरले होते, बाबूंनी दिले तसेच. पण ते सुधारून भरायला डिसेंबर अखेरपर्यंत मुदत असते. हे मला माहीत होते. म्हणजे पाच-सहा महिने, ज्यांतल्या कोणत्याही दिवशी, कोणत्याही तासाला, मी नुसते एवढे म्हणू शकत होतो: सर, एक राहिले होते. कुणी मला दोषही दिला नसता.

एकदा हिंगोलीला प्रशिक्षणासाठी आम्ही एकाच जीपमध्ये होतो. त्यांनी मला पुढची सीट दिली आणि स्वतः मागे दाटीत बसले. उतरताना मी म्हणालो, "सर, ते तुमचं..."

"काय सर?"

"काही नाही. वहिनींचा गुडघा कसा आहे?"

"बरा हाय. तुमी विचारलं म्हणून सांगतो तिला. लई बरं वाटंल तिला."

गप्प राहण्यापेक्षा ते विचारणे मला आज अधिक नीच वाटते. ज्या दुखण्यातला अर्धा वाटा माझा होता, त्याची मी विचारपूस केली आणि वर आभारही स्वीकारले.

डिसेंबर संपला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मला हलके वाटले. आता काही करता येणार नाही, म्हणून आता काही करायचे नाही. केलेल्या कृत्यापेक्षा तो हलकेपणाच मला माझी ओळख करून देतो.

दुसरा हप्ता या वर्षी आला. ते पर्यवेक्षक होते. मी त्यांच्याकडे रजेचे अर्ज देत होतो. पण कर तपासायला तेच माझ्या टेबलाशी आले, तसेच उभे राहिले. कागदावर त्याच ओळीसमोर तोच शब्द होता: निरंक.

मी तो दिवस आणि ती रात्र कशी काढली ते सांगत नाही; त्यात मोठेपणाचे काही नव्हते. मी फक्त स्वतःचा हिशेब करत होतो. या वेळी सवलत दाखवली, तर ते विचारणार, मागच्या वेळी का नाही दाखवली. नाही दाखवली, तर दुसरा गुडघाही जाणार. खरे केले की जुने खोटे उघडे पडत होते. अखेर मी सवलत दाखवली, आणि ते उघडे पडू नये म्हणून त्यावर दुसरे खोटे घातले.

दुसऱ्या दिवशी 'दहा ई' भरून नवे पत्रक त्यांच्यापुढे ठेवले. कर इतका खाली आला होता, की त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"एवढी सूट? सरकार देतं ही?"

"कायद्यातच आहे."

"अन् मागच्या बारीला?"

"मागच्या वेळी माझ्याही लक्षात आलं नव्हतं, सर."

त्यांनी कागदाची घडी केली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू द्या सर. माणूस हाय. चुकतंच. या बारीला तर केलं न तुमी."

जी चूक मी केली नव्हती तिची त्यांनी क्षमा केली. जे केले होते ते जागेवरच राहिले. मधल्या सुट्टीत त्यांनी सगळ्या स्टाफला सांगितले, की सरांनी एवढे वाचवून दिले. हिंदीचे सर म्हणाले, "मग पेढे कुठंयत?" आणि पेढे आले. त्यांतला एक मी खाल्ला.

मग त्यांनीच विचारले, "सर, मागचं आता काहीच होत न्हाई का?"

होत होते. मुदत संपल्यावरही आयुक्तांकडे विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. मंजूर होईल की नाही ते त्यांच्या हाती. मी तसे सांगितले. ते म्हणाले, "मग लिवा तुमी. तुमचं अक्षर बरं हाय अन् भाषाबी. रविवारी घरी या. बायको कवाची म्हणून राहिली, सरांला एकदा जेवायला बोलवा."

अर्जात सगळे सोपे होते, एक जागा सोडून. विलंबाचे कारण द्यावे लागते. मी आधी 'नजरचुकीने' लिहिले. मग खोडले, कुणाची नजर, हा प्रश्न आला. 'कामाच्या व्यापामुळे' लिहिले, तेही खोटे वाटले. शेवटी लिहिले: 'करविषयक तरतुदींच्या माझ्या अज्ञानामुळे.' माझ्या म्हणजे अर्जदाराच्या. अर्ज त्यांच्या नावाने होता, सही त्यांची होणार होती. आयुक्तांपुढे ते वाक्य सहज चालले असते.

रविवारी तांड्यावर गेलो. वहिनी ओसरीवर होत्या. उठताना त्यांनी एक पाय सरळ ठेवला आणि दुसरा हाताने उचलून पुढे घेतला. माझी नजर गेली हे त्यांनी पाहिले आणि हसल्या.

"ह्यो सरकारी," नव्या गुडघ्यावर हात मारून त्या म्हणाल्या, "अन् ह्यो माहेरचा. सरकारी कुरकुर करत न्हाई. माहेरचाच लई तकलीफ देतो."

"माहेरचं सगळंच तसं," सर म्हणाले.

"तुमी गप बसा. सर, तुमच्यामुळं आता ह्याचीबी सोय झाली म्हणतेत. द्येव तुमचं भलं करो."

जेवणाआधी सही करून टाकू, असे मीच म्हणालो. त्यांनी अर्ज घेतला आणि वर्गात वाचतात तसा मोठ्याने वाचू लागले. कारणाच्या ओळीशी आले आणि थांबले. पुन्हा वाचले. "माझ्या अज्ञानामुळे."

"काय लिवलंय?" वहिनींनी विचारले.

"मी अडाणी हाय, असं लिवलंय."

"मग खरंच लिवलंय की!" त्या खळखळून हसल्या.

तेही हसले. "आमच्या लोकाला आजवर दुसरेच अडाणी म्हणत आले. आता म्या सोताच्या सहीनं लिवून देतो." त्यांनी पेन उघडले. टोक कागदाला लावले आणि उचलले. आवाजात राग नव्हता, विद्यार्थ्याचे उत्तर तपासताना एखादा शब्द खटकावा, तसे ते म्हणाले, "पण सर, अज्ञान कसं म्हणावं ह्याला? मी तर विचारलं होतं की. अख्ख्या शाळेत कोणी विचारत न्हाई, मी विचारलं होतं. दुसरं काही चालत न्हाई का हितं?"

मी कागद त्यांच्या हातातून घेतला. ते वाक्य खोडायला लागलो, मग अर्ध्यातच कागद खाली ठेवला.

"चालतं," मी म्हणालो. "तिथं माझं नाव लिहा."

"तुमचं? काहून?"

"मला माहीत होतं, सर."

"काय म्हाईत होतं?"

वहिनी ताटे घ्यायला उठून दाराशी गेल्या होत्या. माझा नेहमीचा आवाज तिथवर पोचत नाही. मी उठून उभा राहिलो आणि आयुष्यात क्वचितच बोललो असेन इतक्या मोठ्याने बोललो.

"ही सवलत मला तेव्हाही माहीत होती. माझ्या थकबाकीला मी ती आधीच घेतली होती. तुम्ही विचारलंत, मी ती ओळ पाहिली आणि पुढं गेलो. पर्यवेक्षकपद तुम्हाला मिळालं, ते मला सोसवलं नाही, म्हणून. नंतर सांगायला महिनोन्महिने होते, तेव्हाही सांगितलं नाही. परवा लक्षात आलं नव्हतं म्हणालो, तेही खोटं. तुम्ही अडाणी नव्हता, सर. तुम्ही योग्य माणसाला विचारलंत असं तुम्हाला वाटलं, आणि तो माणूस मी होतो. वहिनी, तुम्ही ही तीन वर्षं या पायावर चाललात ती माझ्यामुळं. माझं चुकलं असं मी म्हणणार नाही, चूक नकळत होते. मी हे जाणून केलं. मला तुम्हा दोघांची माफी मागायची आहे. मला माफ करा."